ठणका थांबला, पण दुखणं थांबलं नव्हतं : एका दाढेचं प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षं दातांचा दवाखाना चालवते. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. रुग्ण आणि घरच्यांना विचारून लिहिते आहे. वय, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दवाखान्यात मी त्यांना मावशी म्हणायचे, इथेही तेच म्हणते. या प्रकरणात चुका अनेक ठिकाणी झाल्या आणि त्यातली एक माझी आहे, म्हणून ते नीट मांडायचं ठरवलं.

पार्श्वभूमी

मावशींचं वय ४७. घरची अडीच एकर द्राक्षबाग, दोन म्हशी, नवरा, मुलगा, सून, लहान नातू. मशेरी लग्नाआधीपासूनची, दिवसातून तीन वेळा. रक्ताची तपासणी शेवटची कधी झाली असं विचारल्यावर त्यांनी धाकट्या लेकराच्या बाळंतपणाचं सांगितलं. म्हणजे वीस वर्षं झाली होती.

दुखणारी दाढ खालच्या उजव्या बाजूची, अक्कलदाढेच्या अलीकडची. दिवाळीत लाडू खाताना तिच्यात पहिल्यांदा सणक गेली. गार पाणी लागलं की दोन-तीन सेकंद कळ यायची आणि जायची. या टप्प्याला कीड बहुतेक वेळा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नसते. कीड साफ करून सिमेंट भरलं की काम होतं. आमच्या भागात त्याला त्या वेळी आठशे ते हजार रुपये लागले असते.

डिसेंबरात गरम चहा लागल्यावर अर्धा-अर्धा तास ठणकायला लागलं. जानेवारीत विनाकारण, आपोआप दुखू लागलं आणि आडवं झालं की ठणका दुप्पट. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दाताची नस कठीण कवचात बंद असते, तिला सुजायला जागा नसते, म्हणून हा ठणका रात्री जिवावर येतो. दिवसभर सोसता येणारं दुखणं रात्री असह्य का होतं, असं रुग्ण नेहमी विचारतात. कारण हे आहे.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मावशींनी मला नंतर, रुग्णालयातून आल्यावर सांगितली. रात्री त्या भिंतीला टेकून बसायच्या. उशाशी माठातल्या पाण्याचा तांब्या. घोट घ्यायचा, उजव्या गालात धरायचा, कळ थांबायची. पाणी तोंडात कोमट झालं की ठणका पुन्हा सुरू. मग ते शेजारच्या पातेल्यात थुंकायचं आणि दुसरा घोट. पहाटेपर्यंत दोन तांबे संपायचे, आणि पाच वाजता धार काढायला उठायचं. अशा सतरा-अठरा रात्री त्यांनी काढल्या. गार पाण्याने दाढ शांत होणं हे नस मरणाच्या वाटेवर असल्याचं लक्षण आहे. सुरुवातीला गार लागलं की दुखतं, शेवटी गार लागलं की बरं वाटतं. पहिल्या भेटीत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

बाग चालू होती. व्यापाऱ्याने दर ठरवला होता, काढणीची टोळी रोज सकाळी यायची, त्यांचा चहा-नाश्ता मावशींकडे. घरात कुणी त्यांना दवाखान्यात जाऊ नका म्हटलं नाही. पण चला म्हणायलाही कुणाला सुचलं नाही, आणि त्यांनी स्वतःहून विषय काढला नाही. द्राक्षाच्या गावात फेब्रुवारीत माणसाचं दुखणं मागे पडतं, बाईचं तर त्याहून मागे. हे मी दर हंगामात बघते.

घरगुती उपाय चालू होते. मशेरी लावली की दाढ बधिर होते असं त्यांना वाटायचं, त्यामुळे तिनाच्या पाच वेळा झाल्या. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेत धरलं. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, कारण लवंगेतल्या युजेनॉलने नस तात्पुरती बधिर होते. पण निव्वळ तेल हिरडीला लागलं की भाजतं. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी कुटून दाढेवर दाबून धरली. माझ्याकडे आल्या तेव्हा तिथली हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरी पडून सोलवटली होती. दुखणं थांबवणारी गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर ते आम्लच असतं.

मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या. दोन्ही वेळी पेनकिलर आणि सोबत अँटिबायोटिक, दोन दिवसांचं.

समस्या

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री ठणका एकदम थांबला. मावशी तीन आठवड्यांनी सलग झोपल्या. सगळ्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. मला त्यांचे शब्द आठवतात, "दाढ गप पडली की ओ मॅडम. म्हटलं गेली कळ, आता कशाला यायचं."

पूर्ण प्रकरणातला सगळ्यात फसवा क्षण हाच. दाढ बरी झाली म्हणून गप पडली नव्हती, आतली नस मेली होती. मेलेल्या नसेला कळ येत नाही. पण कीड आणि जंतू तिथेच असतात, आणि आता त्यांना अडवायला त्या पोकळीत रक्तपुरवठाही उरत नाही. मुळांच्या टोकातून ते हाडात उतरतात. आतून रक्त पोचत नाही म्हणून अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. महिनाभर गोळ्या खाल्ल्या तरी कीड लागलेली दाढ गोळ्यांनी बरी होत नाही.

अकरा दिवस शांततेत गेले. मग दाढ "उंच" वाटू लागली. तोंड मिटलं की पहिल्यांदा तीच टेकायची आणि टेकली की जीव जायचा. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. घरच्यांनी तव्यावर फडकं गरम करून शेक दिला. सुजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा मोटारसायकलवर मावशींना घेऊन माझ्याकडे आला.

समोरचे पर्याय

तपासणीत उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज, हात लावला की दुखणारी. ताप अंगावर जाणवत नव्हता, पण मी मोजला नाही. तोंड जवळजवळ तीन बोटं उघडत होतं, गिळायला त्रास नव्हता. एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत गेलेली, दोन्ही मुळांच्या टोकाशी काळी सावली.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

एक, त्याच दिवशी दाढ काढून पुवाला वाट करून देणं. दोन, दाढ वरून उघडून नसेच्या पोकळीतून पू काढणं, म्हणजे रूट कॅनलची पहिली बैठक, आणि सूज उतरल्यावर पुढचं काम व कॅप. तीन, अँटिबायोटिक आणि पेनकिलर देऊन सूज उतरायची वाट बघणं.

पहिल्या वाटेला घरचा विरोध होता. सुजेत दात काढला की विष डोक्यात चढतं, आणि दाढ काढली की नजर जाते, या दोन्ही गोष्टी मुलाने मला सांगितल्या. नजरेचं मी समजावलं. डोळ्याची शीर आणि दाढेची शीर वेगळी, दाढ काढल्याने नजर जात नाही. चाळिशीच्या पुढे दाढाही काढाव्या लागतात आणि चष्माही लागतो, लोक दोन्हीची सांगड घालतात. सुजेचं मात्र मी तितक्या ठामपणे खोडलं नाही, कारण आमच्या धंद्यातही हा समज पूर्ण गेलेला नाही. जुन्या काळी शिकवलं जायचं की आधी सूज उतरवा, मग काढा. आता माहीत आहे की पुवाचं मूळ जितकं लवकर निघेल तितकं चांगलं. सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही हे खरं, कारण तिथे आम्ल वाढलेलं असतं आणि भुलीचं औषध नसेच्या आत शिरत नाही. पण खालच्या दाढेसाठी भूल मागे, जबड्याच्या वळणाशी देतात. ती जागा सुजेपासून लांब होती. मला ते करता आलं असतं.

दुसऱ्या वाटेला पाऊण तास लागला असता. बाहेर नऊ जण बसले होते. रूट कॅनल आणि कॅप मिळून सात-साडेसात हजारांचा खर्च सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "माल गेला की व्यापारी पैसे देतोय, मग करू." दाढ उघडून पू काढायचे त्या दिवशी तीनशे रुपये झाले असते. ते मी सुटं करून सांगितलं नाही. पूर्ण आकडा सांगितला, आणि पूर्ण आकडा ऐकून माणूस पूर्णच नाही म्हणतो.

मी तिसरी वाट धरली. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, सोबत पेनकिलर. "शेकू नका. पाच दिवसांनी या, सूज उतरली की काढू." साखर आहे का, विचारलं. मावशी म्हणाल्या, "मला काय बी न्हाई." मी केसपेपरवर "मधुमेह नाही" असं लिहिलं. ज्या माणसाने वीस वर्षांत रक्त तपासलं नाही, त्याच्या "नाही"चा अर्थ "माहीत नाही" असा होतो. माझ्या टेबलाच्या खणात साखर मोजायचं मशीन होतं.

काय केलं

चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला मुलाचा फोन आला. केसपेपरच्या मागे दवाखान्याचा नंबर छापलेला होता, त्याने तो शोधला. म्हणाला, सूज गळ्याकडे उतरली आहे, आई दुपारपासून जेवली नाही, पाणीही बाहेर येतंय.

मी त्याला म्हटलं, आईला फोन दे, फक्त नाव सांगायला सांग. पलीकडून आलेला आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा होता. लाळ गिळता येते का? नाही, पदराने पुसतायत. तोंड किती उघडतं? एक बोट जेमतेम. जीभ वर आल्यासारखी वाटते? हो.

जबड्याच्या आतल्या बाजूला स्नायूचा एक पडदा आहे. समोरच्या दातांची मुळं त्याच्या वर संपतात, पण खालच्या मागच्या दाढांची मुळं त्याच्याही खाली जातात. म्हणून या दाढांचा पू तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखाली आणि गळ्याच्या मोकळ्या जागेत उतरतो. तो दोन्ही बाजूंना पसरला, जिभेचा तळ उचलला गेला, की श्वासाची वाट बंद व्हायला लागते. १८३६ मध्ये जर्मनीतल्या लुडविग नावाच्या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. अँटिबायोटिक येण्याआधी यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावायचे. आजही जीव जातो तो बहुतेक श्वास अडून.

पहिला निर्णय, दवाखान्यात बोलवायचं नाही. मला मदत करावीशी वाटत होती, पण माझ्याकडे भूलतज्ज्ञ नाही, ऑक्सिजन नाही. माझ्याकडे आणलं असतं तर अर्धा तास वाया गेला असता. थेट अडतीस किलोमीटरवरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं.

दुसरा, कशाने. १०८ ला फोन करायला सांगितला. गाडी यायला वेळ लागणार म्हटल्यावर शेजाऱ्याची चारचाकी निघाली. आईला आडवं करायचं नाही, पुढे झुकवून बसवायचं. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात द्यायचं नाही. श्वासाला घरघर लागली तर वाटेत दिसेल त्या पहिल्या रुग्णालयात शिरायचं.

तिसरा, मी रुग्णालयात फोन करून तोंडाच्या शस्त्रक्रिया विभागातल्या निवासी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तोंड उघडत नाही, हे दोनदा सांगितलं, कारण भूल देणाऱ्यांना ते आधी कळणं फार महत्त्वाचं असतं.

पुढे काय झालं

अकराच्या सुमाराला मावशी पोचल्या. ताप १०२, रक्तातली साखर ३८६. सूज डाव्या बाजूला सरकू लागली होती. तोंडातून नळी घालता येत नव्हती, म्हणून नाकातून घालून भूल दिली. जबड्याखाली छेद देऊन पू काढला, त्याच वेळी दाढ काढली, पू वाहत राहावा म्हणून रबराची पट्टी ठेवली. शिरेतून अँटिबायोटिक आणि इन्सुलिन सुरू झालं. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ११.२ आली. म्हणजे मधुमेह जुना होता, फक्त कुणी शोधला नव्हता. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, आणि जंतुसंसर्ग असला की साखर आणखी चढते. माझ्या गोळ्या चार दिवस चालू असूनही सूज का वाढली, त्याचं उत्तर या आकड्यात होतं. दुसरं उत्तर असं की पू आत कोंडलेला असताना कुठल्याच गोळ्या पुरत नाहीत.

आठव्या दिवशी मावशी घरी आल्या. उपचाराचा खर्च सरकारी रुग्णालयात फार आला नाही, पण बाहेरून आणलेली औषधं, गाडीभाडं, सोबत राहणाऱ्यांचं जेवण आणि टोळीचा बुडालेला दिवस धरून मुलाने चौदा हजारांचा हिशेब सांगितला. जबड्याखाली दोन सेंटिमीटरचा व्रण आहे. तोंड पुन्हा तीन बोटं उघडायला महिना लागला. रोज सकाळ-संध्याकाळ आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आठवड्याला एक काडी वाढवायची, असा तो व्यायाम त्यांनी एकदाही चुकवला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरुवात करते. त्या दुपारी पू काढायला हवा होता. दाढ काढून नाही तर दाढ उघडून, पण काढायला हवा होता. साखर बोटाला टोचून बघायला हवी होती. त्याला एक मिनिट लागतं आणि एक पट्टी वाया जाते. ताप मोजायला हवा होता. आणि पाच दिवसांची तारीख देताना, त्याआधी काय झालं तर लगेच यायचं, हे सांगायलाच हवं होतं. मुलाने फोन केला ही त्याची हुशारी, माझी व्यवस्था नव्हती.

आता सुजेच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक शिक्का मारते. गिळता येईना, लाळ गळू लागली, तोंड उघडेना, आवाज बदलला, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे निघाली, थंडी वाजून ताप आला, यातलं एकही झालं तर रात्र असो की सण, थेट मोठं रुग्णालय. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मदतनीस त्या रुग्णाला फोन करते. खर्च सांगताना आजचा वेगळा आणि पुढचा वेगळा सांगते.

मेडिकलमधल्या दोन दिवसांच्या अँटिबायोटिकबद्दल मला राग आहे आणि तो लपवत नाही. नुसत्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ठणका नसेच्या सुजेचा असतो. तिथे पेनकिलर लागते आणि दाताचं काम लागतं. अर्धवट डोसाने आजार जात नाही, दवाखान्यात येणं मात्र लांबतं.

घरी पहिल्या रात्री काय करावं, हे मला सगळे विचारतात. मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र, काहीतरी खाऊन, आठ-आठ तासांनी. दातदुखीवर ही जोडी चांगली चालते. मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर, दमा, रक्त पातळ करायची गोळी किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन नको, नुसती पॅरासिटामॉल घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावं. मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या गुळण्या. दोन उशा घेऊन डोकं उंच. शेकायचं असेल तर गालावर बाहेरून गार फडकं, गरम नाही. लवंगेचं तेल घ्यायचं तर खोबरेलात मिसळून, नुसत्या दाढेच्या खड्ड्यात. हे सगळं सकाळपर्यंत पोचण्यासाठी आहे, बाग संपेपर्यंत ढकलण्यासाठी नाही.

घरच्यांशी मी नंतर बोलले तेव्हा सुनेने एक गोष्ट सांगितली. रात्री पाणी थुंकायचं पातेलं सकाळी तीच घासायची. रोज दिसत होतं, पण सासूबाई काही म्हणत नाहीत म्हणून तिने विचारलं नाही. तिचा मी दोष मानत नाही. पण आता दाढदुखीचा रुग्ण आला की सोबत आलेल्या माणसालाही विचारते, रात्री काय करतात? बहुतेक वेळा खरं उत्तर तिथून येतं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ वर आली. डाव्या बाजूच्या दोन दाढांना कीड होती, त्या भरल्या. एकीची कीड नसेच्या अगदी जवळ आहे, तिच्यावर लक्ष ठेवून आहे. मशेरी पूर्ण सुटलेली नाही. पाच वेळांची एक वेळ झाली आहे, सकाळची, आणि त्याबद्दल त्या मला खोटं सांगत नाहीत. गेल्या खेपेला मावशींचे नवरे, काका, सोबत आले होते. बसल्या-बसल्या त्यांचीही साखर बघितली, २३१ निघाली. पुढची खरड छाटणी झाली की तपासणी करू म्हणाले. मावशींनी त्यांच्या हातातली मोटारसायकलची चावी घेतली आणि मला विचारलं, "लॅब किती वाजेपर्यंत उघडी असती?"